खामगांवची पेठ आणि समृद्धि महामार्ग

जलंब ते खामगांव हा सुमारें ८ मैलांचा आगगाडीचा फांटा मुख्यतः कापसाकरितां घालण्यांत आला व १८७० सालीं लॉर्ड मेयो यांनीं तो खुला केला, हें आमच्या वाचकांस विदित असेलच. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) विलायतेच्या गिरण्यांस वऱ्हाडी रुईची निकड भासली होती. जिन व प्रेस उभे राहिले, पेठ भरभराटली. परंतु गांठी मुंबईस गेल्या आणि सूतकापडाचा नफा बहुतांशीं परक्यांच्या पदरीं पडला.

आतां मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें व शेवटचा जून २०२५ मध्यें खुला झाला. माल मुंबईस लवकर पोंचतो, हा लाभ खराच. पण लोखंडाचे व बियाण्यांचे कारखाने असलेलें जालनें त्याच वाटेवर आहे, आणि नवा कारखानदार प्रथम तेथेंच थबकेल अशी आम्हांस धास्ती वाटते. त्यांत ऑगस्ट २०२५ मध्यें कापसावरील ११ टक्के आयात-जकात वर्षअखेरपर्यंत उठविण्यांत आली, ती ऐन वेंचणीच्या हंगामांत!

सरकीचें तेल व ढेप, सोयाबीनचें गाळप, हीं कामें सहकारी संस्थांनीं जिल्ह्यांतच काढावीं. मार्गालगतच्या शेतकऱ्यांनीं जमीन विकण्याची घाई न करतां ती भाडेपट्ट्यानें द्यावी. कारखाना निघाला तर भाडें येईल, न निघाला तर वखर चालेल.