जोड दिसतो, मजबुती दिसत नाही

बँकेच्या अधिकाऱ्याला माणसांपेक्षा कागदांची ओळख लवकर होते. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन मी बँकसेवेत रुजू झालो, तेव्हा मला ताळेबंद वाचता येत होता. लोखंड वाचता येत नव्हते. ते काही अंशी वाचता येऊ लागले ते एका चुकीमुळे आणि एका मुलाच्या आग्रहामुळे. त्या दोन्हींची हकिगत येथे सांगत आहे.

२०१८ साली दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असताना माझ्यापुढे फॅब्रिकेशनच्या दुकानासाठी कर्जाचा अर्ज आला. अर्जदाराचे वडील आमचे जुने ठेवीदार, गाळा बाजारपेठेत मोक्याच्या जागी, यंत्रांची दरपत्रके चोख. प्रधानमंत्री मुद्रा योजनेतून तीन लाख रुपये मी आनंदाने मंजूर केले. एकच प्रश्न विचारायचा राहिला : वेल्डिंग कोण करणार? अर्जदाराने दुसऱ्याच्या दुकानात चार दिवस उभे राहून जे पाहिले, तेवढेच त्याचे शिक्षण होते.

आठ महिन्यांनी त्याने बसवलेले एका शाळेचे फाटक बिजागरीपाशी उखडून पडले. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, म्हणूनच कोणाला इजा झाली नाही. गावातील कामे बंद झाली, हप्ते थकले आणि यथावकाश ते खाते अनुत्पादक ठरले. मी ते फाटक पाहायला गेलो होतो. जोड वरून छान भरलेला होता, त्यावर रंगही दिलेला होता. तुटलेल्या जागी मात्र लोखंड लोखंडात मिसळलेलेच नव्हते. वरचा धातू सालीसारखा नुसता चिकटून होता. कर्जाची नस्ती मीही तशीच वरवर पाहिली होती, हे त्या क्षणी जाणवले.

‘साहेब, एकदा आमच्या आयटीआयत या’

२०२३ साली दुसऱ्या शाखेत असताना बावीस वर्षांचा एक तरुण समोर येऊन बसला. आई-वडील ऊसतोड मजूर. स्वतःचे दुकान नाही, भाड्याची पत्र्याची शेड. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून संधाता, म्हणजे वेल्डर, हा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आणि त्यानंतर एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवारी. दोन लाखांची मागणी होती. कागदांवर बोट ठेवण्यासारखे काही नव्हते, पण ते फाटक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मी ‘पाहू’ असे म्हणालो. बँकेत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे त्याला ठाऊक असावे. तो उठला नाही. म्हणाला, ‘‘साहेब, एकदा आमच्या आयटीआयत या. सरांना विचारा. मी केलेले जोड तिथे ठेवलेले आहेत.’’

पुढच्या शनिवारी शाखेला सुट्टी होती. मी गेलो.

कार्यशाळेत शिरताच प्रथम जाणवला तो वास आणि नंतर तो विशिष्ट आवाज. शिल्प निदेशक हे पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी आधी माझ्या हाती काळी काच दिली आणि मगच पुढे येऊ दिले. ‘‘आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. त्या वेळी काही वाटत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते,’’ असे ते म्हणाले. आर्कमधील अतिनील किरणांनी डोळ्यांवरचे पारदर्शक पटल भाजते आणि त्याची वेदना काही तासांनी सुरू होते. रस्त्याकडेच्या दुकानांत गॉगल लावून, किंवा नुसता हात आडवा धरून काम करणारी मुले मला आठवली.

वर्षभरात काय शिकवतात?

माझी समजूत अशी होती की, पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती होल्डर देतात. प्रत्यक्षात आरंभ होतो तो कानस, करवत, गुण्या आणि मोजपट्टीने. तुकडा सरळ कापता आला नाही, त्याच्या कडा नीट घासता आल्या नाहीत, तर पुढचा जोड सदोषच होणार. वेल्डिंगपूर्वीची ही तयारी ग्राहकाला कधीच दिसत नाही. पण जोडाचे निम्मे आयुष्य तेथेच ठरते.

त्यानंतर गॅस वेल्डिंग आणि आर्क वेल्डिंग. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रंग काळा, ॲसिटिलिनचा तांबूस तपकिरी. ॲसिटिलिनच्या जोडणीचे आटे उलटे, जेणेकरून चुकूनही एकाची नळी दुसऱ्याला बसू नये. ऑक्सिजनच्या झडपेला तेल वा ग्रीस लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. असे नियम पाठ करून घेत नाहीत, ते हाताच्या सवयीत उतरवतात.

निदेशकांनी मलाही एक कांडी ओढायला लावली. ती लागलीच पत्र्याला चिकटून बसली. दुसऱ्यांदा हात वर राहिला आणि आर्क तुटला. लहानशा अंतरात हात स्थिर ठेवायचा, कांडी जळत आखूड होत जाईल तसा तो खाली आणायचा आणि त्याच वेळी एका गतीने पुढेही न्यायचा, ही तीन कामे एकदम करावी लागतात. वेग जास्त झाला तर धातू मुरत नाही, कमी झाला तर पत्रा जळून भोक पडते. पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते आणि आर्कचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. तेथे चुकीला क्षणभराचीही सवलत नसते. ‘‘कानाने ऐका,’’ निदेशक म्हणाले, ‘‘बरोबर चालले असेल तर कढईत तळणीचा आवाज येतो तसा सलग आवाज येतो.’’

कांडीवरचे आवरण हे केवळ वेष्टन नव्हे, हेही मला त्याच दिवशी कळले. ते जळून तयार होणारा वायू वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो आणि त्याची राख जोडावर कवच धरते. हे कवच, ज्याला स्लॅग म्हणतात, हातोडीने टिपून काढल्यावाचून वर दुसरा थर दिला तर ते आतच गाडले जाते. कांड्या पावसाळ्यात ओल्या झाल्या, तर जोडाच्या आत बारीक छिद्रे राहतात. वरून यांतले काहीच दिसत नाही.

सपाट जोड सगळ्यात सोपा. मग आडवा, उभा आणि शेवटी डोक्यावरचा, जेथे वितळलेला धातू अंगावर येऊ पाहतो. पुढे नळ्यांचे जोड. त्यांतही पंचेचाळीस अंशांत तिरपी धरलेली नळी न फिरवता जोडणे, ही कारागिराची खरी परीक्षा मानली जाते.

अखेरीस निदेशकांनी कपाटातून दोन तुकडे काढले. दिसायला दोन्ही सारखेच होते. एकेक शिकंज्यात धरून त्यांनी हातोड्याने वाकवला. पहिला जोडातूनच मोडला आणि आत काळे डाग व छिद्रे दिसली. दुसरा वाकत गेला, पण जोड तुटला नाही. ‘‘हा तुमच्या अर्जदाराचा,’’ ते म्हणाले.

व्यवस्था जुनी, दारे अनेक

देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून उत्तीर्ण उमेदवारास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमान्वये त्यास कारखान्यात विद्यावेतनासह पुढील अनुभव घेता येतो. ज्यांना वर्ष देता येत नाही, अशा ग्रामीण तरुणांसाठी बँकांनीच उघडलेले एक दार आहे. १९८२ साली कर्नाटकातील उजिरे येथे सिंडिकेट बँक, कॅनरा बँक आणि धर्मस्थळाचा शिक्षण न्यास यांनी मिळून ‘रुडसेटी’ ही संस्था स्थापन केली. त्याच धर्तीवर पुढे देशभर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘आरसेटी’, उभ्या राहिल्या. तेथील निवासी प्रशिक्षण विनामूल्य असते आणि वेल्डिंग व फॅब्रिकेशन हा त्यांतील एक अभ्यासक्रम आहे. काही आठवड्यांत हात सुरू होतो, मात्र तो पक्का व्हायला सराव हवा, हे अशा प्रशिक्षणार्थींनीही ध्यानात ठेवावे.

शुल्क भरून शिकावे लागत असेल, तर आदर्श कौशल्य कर्ज योजना आहे. तिची कमाल मर्यादा २०२४ साली दीड लाखावरून साडेसात लाख रुपये करण्यात आली.

आपण काय पाहावे?

माझ्या सहकारी बंधुभगिनींना अनुभवातून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, यंत्राच्या दरपत्रकाआधी कारागिराचा हात पाहावा. त्याने केलेला जोड मागावा, त्याच्या निदेशकांशी किंवा जुन्या मालकाशी बोलावे. दुसरी, प्रकल्प खर्चात हेल्मेट, हातमोजे, चामड्याचा एप्रन आणि अर्थिंग यांचा समावेश आहे की नाही, ते तपासावे. ते नसेल तर अर्जदार कामही तसेच करील. तिसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. लोखंड रोखीने घ्यावे लागते, दर वरचेवर बदलतात आणि ग्राहकाकडून पैसे मात्र उशिरा येतात. हात उत्तम असूनही या मधल्या अंतरात दुकान बुडू शकते. म्हणून केवळ यंत्रापुरते कर्ज देऊन थांबू नये.

त्या तरुणाला मी यंत्रासाठी सव्वा लाख आणि खेळत्या भांडवलासाठी पाऊण लाख असे मिळून दोन लाख मंजूर केले. मुद्रा योजनेत तारण लागत नाही; तरी माझ्या टिपणीत त्या वाकवलेल्या तुकड्याचा उल्लेख मी आवर्जून केला. आजवर त्याचा हप्ता थकलेला नाही. शेडमध्ये आता दोन मदतनीस आहेत आणि दोघांच्याही तोंडावर हेल्मेट असते.

पहिल्या अर्जदाराचा मात्र मला विसर पडत नाही. तो लबाड नव्हता. त्याला कोणी ‘आधी शिकून ये’ असे सांगितले नाही, एवढेच. ते सांगण्याची संधी सर्वांत आधी माझ्याकडे होती. वाचकहो, आपल्या घरातील वा ओळखीतील एखादा मुलगा किंवा मुलगी दुकान टाकायचे म्हणून कर्जाची चौकशी करत असेल, तर त्यांना प्रथम जवळच्या प्रशिक्षण संस्थेत जायला सांगा. बँकेची पायरी त्यानंतर चढावी. आम्ही तेथे आहोतच.