शिट्टी माइक मारत नाही

दिवाळी सरली की वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. नाटक रात्रभराचं, मंडप मोकळ्या मैदानावर, त्यामुळे आवाजाची सगळी भिस्त माइकवर. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांनाही ही रंगभूमी दिसली. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात शिट्टी वाजली, की मागून कुणीतरी हमखास म्हणतो, 'माइक खराब आहे!'

बहुतेक वेळा माइक धडधाकट असतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून निघतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. प्रत्येक फेरीत तो थोडा मोठा झाला, की शिट्टी ठरलेलीच. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावेत आणि नटाने माइकजवळ यावं. महागडा माइक आणूनही हे दोन नियम चुकत नाहीत.

इथेच दुसरा समज डोकावतो: घरी छोटा प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवला, की लांबचा संवादही स्पष्ट येईल. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं, की माइकपर्यंत पोहोचणारा आवाजाचा दाब निम्मा होतो. रातकिडे आणि जनरेटर मात्र होते तेवढेच राहतात. प्रीॲम्पला नट कोण आणि रातकिडा कोण हे कळत नाही. तो दोघांनाही सारखंच वाढवतो, वर स्वतःची थोडी खरखर घालतो.

म्हणून प्रीॲम्प निरुपयोगी ठरत नाही. साध्या कंडेन्सर माइकच्या गोळीतून (बेल लॅब्जमध्ये १९६२ साली सेसलर आणि वेस्ट यांनी शोधलेला इलेक्ट्रेट प्रकार) तोंडाजवळ बोललं तर काही मिलिव्होल्ट निघतात, हातभर लांबून एकाहूनही कमी. त्या गोळीच्या पोटात एक ट्रान्झिस्टर आधीच असतो, त्यामुळे तिला वीज लागते: ९ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. तो विसरून 'सर्किट चालत नाही' म्हणणारे खूप. हातात धरायच्या डायनॅमिक माइकला मात्र ही वीज लागत नाही, देऊही नये.

पुढे एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, कलेक्टरला ४.७ किलोओहम, कलेक्टर ते बेस १ मेगओहम, आत-बाहेर एकेक कपॅसिटर. कागदावर हे सर्किट आवाज दीडशे पटींच्या वर वाढवतं. प्रत्यक्षात माइक जोडताच ट्रान्झिस्टर त्याचा बराचसा सिग्नल खाली ओढतो आणि हाती चाळीस-पन्नास पटच उरते. शिवाय जोरात बोललं की आवाज फाटतो. एमिटरला १०० ओहमचा रेझिस्टर लावला तर पट आणखी घटते, पण संवाद स्वच्छ येतो. माझं मत विचाराल तर हा सौदा डोळे झाकून करावा.

यावर थेट भोंगा वाजेल अशी आशा मात्र नको. प्रीॲम्प फक्त व्होल्टेज वाढवतो. भोंगा हलवायला लागणारी ताकद पुढचा पॉवर ॲम्प्लिफायर देतो.

राहिली गुणगुण. तिचा दोष ट्रान्झिस्टरला देतात, पण बहुधा ती ५० हर्ट्झच्या विजेची असते, आणि जाळी नसलेल्या लांब वायरीत शिरते. सर्किट मिक्सरच्या टेबलावर ठेवलं तर ती गुणगुणही संवादाबरोबर वाढते. ते माइकच्या बुडाशीच बसवावं आणि तिथून पुढे शिल्डेड केबल न्यावी.