सुट्ट्या पैशाची टंचाई आणि दुकानदारांची टोकने



सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर गोळ्या ठेवतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. लढाईत हीच अडचण देशभर होते. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचावे म्हणून आपल्याकडे १९४३ साली भोकाचा पैसा निघाला. तो सरकारचा होता. अमेरिकेत मात्र एकदा दुकानदारांनीच सुट्टे पैसे पाडले.

तेथील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले. लोकांनी सोने-चांदी दडवली. १८६२ साली एक सेंटचे नाणेही बाजारातून नाहीसे झाले. लोक टपालाची तिकिटे देऊ-घेऊ लागले, पण ती हाताला चिकटायची, फाटायची. मग व्यापाऱ्यांनी सेंटच्याच मापाची तांब्या-पितळेची टोकने पाडून घेतली.

आज ही टोकने हौसेने जमवतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन :

१) दुकानाचे नाव-गाव असलेली.
२) झेंडा, पुढारी, घोषणा असलेली. यांवर देणाऱ्याचे नावच बहुधा नसते.
३) पलटणीबरोबर फिरणाऱ्या दुकानदारांची.

काहींवर 'एक सेंट' ठळक आणि त्यावर 'नाही' हा शब्द बारीक! घाईत कोण वाचणार?

न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअरवाल्याने दहा लाखांवर टोकने काढली. घोड्याच्या ट्राम कंपनीने ती भाड्यापोटी घेतली आणि साठा झाल्यावर बदलून मागितली. त्याने हसून नकार दिला. कंपनीला काही करता आले नाही. शेवटी १८६४ साली कायद्याने खाजगी नाणी बंद झाली.

फुल्ड पितापुत्रांनी या टोकनांची यादी केली. दुकानाची टोकने त्यांनी राज्य, गाव, दुकानदार अशी लावली. ती किती दुर्मिळ, याला एक ते दहा अंक दिले. दहा म्हणजे जगात एकच नग. त्यामुळे गेलेल्या दुकानांचा, गावांचा हिशेब राहिला.

आपल्या घरी आजोबांच्या पेटीत जुनी नाणी असतील, तर चिंच-राखेने घासू नका. घासल्याने वरचा थर जातो आणि किंमत उतरते. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, कोठे सापडले ते वर लिहा.

आणि एक. टोकनाची किंमत धातूत नसते, ते परत घेणाऱ्याच्या शब्दात असते. म्हणून कागद असो की नाणे, देणाऱ्याचे नाव वाचल्याशिवाय घेऊ नये. काट्यावरची वजनपावतीही खिशात घालण्याआधी वाचा. नाव, गट नंबर, वजन बरोबर आहे ना, तिथल्या तिथे पाहा.

— ऊसविकास अधिकारी