थेंबे थेंबे माहिती साचे

संगणक आणि मोबाइल सुरक्षितपणे कसे वापरावेत, याविषयी बोलायला मी अधूनमधून ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये जातो. तिथं एक प्रश्न हमखास येतो. ‘‘आम्ही साधी माणसं. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? मग आमची माहिती कुणाला कळली तर बिघडलं कुठं?’’

प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला. पण कायद्याची पुस्तकं क्षणभर बाजूला ठेवू. या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या बँकेच्या पासबुकात आहे.

बँकेचं कुलूप फोडणं सोपं नसतं. म्हणून चोर कुलपाच्या वाटेला न जाता सरळ मालकाकडे येतो आणि किल्ली मागतो. ही किल्ली म्हणजे आपला पासवर्ड, पिन किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी. आता अनोळखी माणसाला आपण किल्ली का देऊ? त्याच्यावर विश्वास बसला किंवा त्याची भीती वाटली, तरच. आणि हा विश्वास, ही भीती तो आपल्याच माहितीतून निर्माण करतो.

कुणी फोन करून नुसतं ‘पोलीस ठाण्यातून बोलतोय’ म्हणाला, तर आपण फोन ठेवून देऊ. पण त्यानं तुमचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घडाघडा सांगितले तर? माणूस सावरून बसतो. एवढं सगळं याला ठाऊक आहे, म्हणजे हा खराच साहेब असणार! हे सगळं त्याला कळतं कुठून? कुठल्या तरी कंपनीच्या संगणकातून फुटलेल्या यादीतून, ‘लकी ड्रॉ’च्या कुपनावरून, वाढदिवसाच्या फोटोखालच्या शुभेच्छांवरून. एकेक थेंब निरुपद्रवी असतो; तळं साचलं की माणूस त्यात बुडतो.

‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार याच तळ्यातला. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेरा बंद करू नका, घरात कुणाला सांगू नका, चौकशी होईपर्यंत पैसे ‘सरकारी खात्यात’ ठेवा, असं दरडावतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे स्पष्ट सांगितलं होतं. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द ऐकले, की फोन ठेवावा आणि सगळ्यांत आधी घरच्यांना सांगावं. रस्त्याच्या कडेला ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी आपण वाचतो. ती मोबाइललाही लागू आहे.

मग करायचं काय? पहिलं, थेंब गळू देऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी आपण आधारकार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि विसरून जातो. ते तिथंच पडून राहतं. निघण्यापूर्वी ते दुकानदाराच्या संगणकावरूनही आपल्यासमोर काढून टाकायला लावा. यात संकोच कसला? नुसती ओळख पटवायची असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ चालतं का, ते विचारा. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते मिळतं. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा.

दुसरं, किल्ली मजबूत ठेवा. चार आकडी पिनचे दहा हजार प्रकार होतात. पण आपण जन्मसाल ठेवलं, की चोराला जेमतेम शंभरच आकड्यांतून निवडायचं असतं, आणि आपलं वय ठाऊक असेल तर तेवढेही नाहीत. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले, तर तो लक्षातही राहतो. बँकेचा आणि ई-मेलचा पासवर्ड मात्र एकच नको. ई-मेल ज्याच्या हाती गेलं, तो बाकीचे बरेच पासवर्ड बदलून घेऊ शकतो.

तिसरं, किल्ली कुणालाही देऊ नका. ‘यूपीआय’चा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो लुबाडतोय हे नक्की. कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं अॅप घेऊ नका. त्यावर आलेला ओटीपी समोरच्यालाही दिसतो. बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर न शोधता पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायची होती. तेव्हा पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावून घ्या.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर? तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवा आणि बँकेलाही कळवा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभर हलवले जातात. ते वाटेत असतानाच तक्रार पोहोचली, तर अडवता येण्याची शक्यता असते. त्यामुळे पहिला तास मोलाचा.

इथं घरच्यांना एक विनंती आहे. फसवलं गेलेलं माणूस बहुधा गप्प बसतं, कारण ‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?’ हा प्रश्न त्याला नको असतो. त्या गप्प बसण्यातच पहिला तास निघून जातो. म्हणून आपल्या आईवडिलांना आजच सांगून ठेवा, ‘‘काहीही झालं तरी आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही.’’ हे वाक्य ऐकलेला माणूस वेळेवर हाक मारेल.