सतरंजीवर दोघींचं नाव

"बाई, तुमचं चितर कागदावर लई गोड दिसते. पन मागावर गोल नाई उतरत!" मावशींनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. होळीच्या सुमाराला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रानात पळस नुसता पेटलेला असतो. तेच रंग सतरंजीवर आणावेत, असं मनाने घेतलं. भगवा पळस, फांदीवर नीळकंठ आणि खाली कापसाची गोल गोल बोंडं, असं चित्र काढून मी मावशींकडे गेले. तरुणपणी खादी केंद्रात शिकलेल्या मावशींच्या पडवीत आजही माग आहे. माझा हिशेब सरळ होता. डोकं माझं, हात त्यांचे! फुटामागे मजुरी ठरवली नि मोकळी झाले.

पण मागाजवळ बसले आणि माझं शहाणपण उतरू लागलं. सतरंजीत उभा ताणा झाकला जातो, दिसतो तो आडवा बाणा. नक्षी सगळी बाण्याच्या रंगीत सुतातून येते. त्यामुळे गोल रेषेच्याही पायऱ्या होतात. दोन रंग एकाच उभ्या रेषेवर सारखे भेटत राहिले, तर तिथे चीर पडते. मग रेषा थोडी सरकवायची, नाहीतर दोन्ही सुतं एकमेकांत अडकवायची. हे सगळं मावशींच्या बोटांना पाठ होतं! आम्ही चौकटीच्या कागदावर चित्र पुन्हा मांडलं. माझी गोल बोंडं आठकोनी झाली आणि खरं सांगते, जास्त शोभली.

रंगाचंही तेच. पळसाच्या फुलांचाच रंग वापरायचा, हा माझा हट्ट. मावशी म्हणाल्या, "तुरटी लावली तरी उन्हानं उडते तो. पायाखालच्या वस्तूले पक्का रंग पायजे." पक्क्या रंगाचं सूत आणलं. तरी लाल सूत त्यांनी रात्रभर पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिलं, मगच मागावर घेतलं.

"पाखरू एकटं काहून?" असं म्हणून त्यांनी दुसरा नीळकंठ विणला. लुगड्याच्या काठासारखी काळी-लाल किनारही त्यांचीच. घरकाम सांभाळत, लोखंडी पंज्याने सूत ठोकत, तीन आठवड्यांत तीन बाय पाच फुटांची सतरंजी उतरली. उलटून बघितली तर मागेही तेच चित्र, फक्त पाखरांची तोंडं दुसरीकडे!

पुढे ती एका प्रदर्शनात लागली. खाली चिठ्ठी होती, तिच्यावर एकटीचं माझं नाव. लोक कौतुक करत होते आणि मावशी माझ्या शेजारी पदर सावरत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठकोनी बोंडं कुणाची? किनार कुणाची? दुसरं पाखरू कुणाचं? पेन मागून घेतलं आणि माझ्या नावाआधी मावशींचं नाव लिहिलं. विक्रीचे पैसेही निम्मे-निम्मे केले.

राजस्थानात जयपूर रग्ज या संस्थेच्या 'मनचाहा' उपक्रमात खेड्यापाड्यांतल्या विणकर बाया उरल्यासुरल्या सुतातून स्वतःच्या मनाची नक्षी विणतात. गालिचा ओळखला जातो तो त्यांच्या नावाने. विणणारीलाही डोकं असतं, हे तिथे मान्य झालंय. आपल्याकडे मात्र गोधडी शिवणारी, रुखवत मांडणारी, सतरंजी विणणारी बाई बिननावाचीच राहते.

म्हणून मैत्रिणींनो, कुणासोबत असं काम कराल तेव्हा सुताचा खर्च कुणाचा, नक्षी कुणाची, पुन्हा मागणी आली तर वाटा किती आणि नाव कुणाचं, हे आधीच कागदावर लिहून घ्या. मैत्री त्याने तुटत नाही, उलट टिकते.

आता आमची दुसरी सतरंजी मागावर आहे. या वेळी चित्र काढायच्या आधीच मी मावशींना विचारलं, "मावशी, काय विणायचं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "थांब, इचार करू दे."