फवारणीआधी उसाचे पान उलटून पहा

२००२ साली पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पिंजलेल्या कापसासारखी पांढरी कीड दिसू लागली. हाच लोकरी मावा. तो पानातील रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो व त्यावर काळी बुरशी चढते. काजळलेल्या पानाला ऊन मिळत नाही. मग उसाचे वजन घटते आणि साखरही.

शेतकऱ्यांनी औषधे मारली. पण दाट, उंच उसात शिरून फवारणार कसे? शिवाय माव्याची मादी नराविना पिले घालते. थोड्या वाचल्या तरी पुन्हा शेत भरते.

खरे काम केले ते माव्यावर जगणाऱ्या कीटकांनी. डिफाची अळी माव्याच्या वस्तीतच जाळे विणून राहते व त्याला खाते. मायक्रोमसची अळी आणि मोठा कीटक, दोघेही मावा फस्त करतात. एन्कार्सिया ही बारीक माशी माव्याच्या अंगात अंडी घालते. जहाल औषधाने मात्र हे मित्रही मरतात, आणि त्यांची वाढ माव्याइतकी झपाट्याने होत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा शेतात फिरून पाने उलटून पहा. माव्यात डिफाच्या अळ्या दिसल्या, तर पंप खुंटीलाच राहू द्या. मावा असून मित्रकीटक नसतील, तर हेक्टरी १००० डिफा किंवा २५०० मायक्रोमस सोडा. युरिया बेतानेच द्या. लुसलुशीत पानावर मावा लवकर फोफावतो. वाचलेला औषधाचा पैसा घरी कामाला येईल.