सफरचंदाची चटणी

दिवाळीला भेट आलेली फळांची टोपली पाडव्यापर्यंत तशीच राहते आणि सफरचंदे मऊ पडू लागतात. टाकून देणे तर जिवावर येते! अशा वेळी ही चटणी करावी. ‘चटणी’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. शरदातली फळे व्हिनिगर-साखरेत शिजवून हिवाळ्यासाठी ठेवण्याची रीत तिकडे घरोघर रुळली.

१ किलो सफरचंदे व ५०० ग्रॅम नासपती सोलून, डागाळलेला भाग काढून, बारीक चिरावीत. त्यात ५०० ग्रॅम गूळ, अर्धा लिटर व्हिनिगर, २ कांदे, मूठभर बेदाणे, आल्याचा कीस, तिखट व मीठ घालावे. पाणी मुळीच नको. पितळेच्या भांड्यात ती कळकते, स्टीलचे घ्यावे. मंद आचेवर तास-दीड तास ढवळत शिजवावी. पळी ओढल्यावर तळाशी वाट राहिली, की झाली.

एकदा घाईत मी ओलसर बरणीत चटणी भरली. आठवड्यात बुरशी आली. सारी मेहनत फुकट! म्हणून बरण्या उकळून, कोरड्या करून, गरम असतानाच भराव्यात. महिनाभर थांबावे, व्हिनिगरचा उग्रपणा निवतो. मग मार्गशीर्षात थालीपिठाबरोबर वाढून पाहा, टोपलीची आठवण कुणाला होणार नाही!